साइटवर कोण आहे?

बीड बायपासवर किंवा सातारा परिसरात एखाद्या सात मजली इमारतीचा स्लॅब असला की सकाळपासून साइटवर नुसती धांदल असते. ट्रान्झिट मिक्सर रस्त्याच्या कडेला रांगेत, पंपाचा पाइप वरपर्यंत नेलेला, व्हायब्रेटरवाला तयार आणि सेंट्रिंगचा मिस्त्री खाली एकेक टेकू ठोकून बघत फिरतोय. छत्रपती संभाजीनगरच्या अशा साइटवर अलीकडे आणखी एक जण हजर असतो, तोही न येता. खांबाला बांधलेला कॅमेरा, साइट इंजिनिअरच्या मोबाइलवर चालू असलेला व्हिडिओ कॉल आणि पलीकडे पुण्यात, मुंबईत किंवा थेट दुबईत बसलेला प्रोजेक्ट मॅनेजर. एकाच वेळी तीन-चार शहरांतल्या साइट त्याच्यासमोर उघड्या असतात. वेळापत्रक तो आखतो, साहित्याची ऑर्डर त्याच्या मंजुरीने जाते, ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, त्याने होकार दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. साइटवरची धूळ तेवढी त्याच्या बुटाला लागत नाही.

यावर धंद्यातली मतं सरळ दोन बाजूंना पडतात. जुने ठेकेदार हसतात. त्यांच्या मते ज्याने स्लॅबवर उभं राहून ऊन खाल्लं नाही, त्याने बांधकामाबद्दल बोलू नये. नव्या विकासकांचं म्हणणं वेगळं. नकाशे, परिमाणं, खरेदी, हिशेब, बैठका हे निम्म्याहून अधिक काम टेबलावरच होतं, मग त्यासाठी मोठ्या पगाराचा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये का बसवायचा? दोघांचंही खरं आहे आणि दोघंही मुद्द्याला बगल देतात. मॅनेजर कुठे बसतो हे नंतर बघता येईल. तो साइटवर नसताना तिथे कोण उभं आहे आणि त्या माणसाला नेमकं काय करायची मुभा आहे, हे आधी विचारायला हवं.

दुरून बांधकाम चालवणं या शहराला नवं नाही. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये इथे वारली. पुढच्याच वर्षी औरंगजेब गादीच्या लढाईसाठी उत्तरेकडे गेला. तिची कबर असलेला बीबी का मकबरा त्याने बांधवला की मुलगा आजमशहाने, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण बांधकामाच्या दिवसांत आजमशहा पाच-सात वर्षांचं पोर होता, तेव्हा तोही काही कामावर देखरेख करणारा मालक नव्हे. संगमरवर उत्तरेतून आला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना तीनशेहून अधिक गाड्या संगमरवराने लादलेल्या पाहिल्या, त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपले होते, असं फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए लिहून ठेवतो. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा नोंदला आहे. हिशेब सात आण्यांपर्यंत लागलेला! आणि तरी काटकसरही दिसतेच. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला, मधल्या भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. मालक, पैसा आणि माल दुरून आले. काम मात्र ज्यांच्या हाताखाली झालं त्या दोघांची नावं मुख्य दरवाजावर कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय.

तीनशे वर्षांनी चंदीगडमध्ये हेच घडलं. वास्तुकार ल कॉर्बुझिए पॅरिसमध्ये राहून शहर घडवत होता. वर्षातून दोनदा यायचा, काही आठवडे राहायचा, परत जायचा. रोजच्या साइटवर होता त्याचा चुलतभाऊ पियर जानरे. हा गृहस्थ १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथेच राहिला. चंदीगडच्या पुस्तकांत कॉर्बुझिएचे फोटो जास्त आहेत, पण जानरे नसता तर त्याची रेखाटनं काँक्रीटमध्ये उतरली असती का, याची शंकाच आहे.

आपल्याकडचं सार्वजनिक बांधकाम खातं तर मुळात दुरून देखरेख करायची यंत्रणाच आहे. डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये, हे खातं उभं राहिलं, तेव्हा फोनही नव्हता. कार्यकारी अभियंता विभागाच्या गावी, उपअभियंता उपविभागात आणि कामावर कनिष्ठ अभियंता. तिघांना बांधणारा धागा म्हणजे मोजमाप पुस्तिका, खात्याच्या बोलीत ‘एमबी’. तिची पानं क्रमांक घातलेली, पान फाडायचं नाही, खाडाखोड झाली तर सही करायची, कनिष्ठाने घेतलेल्या मोजमापांपैकी काही वरिष्ठाने जागेवर जाऊन पुन्हा तपासायची. आणि एक नियम सर्वांत महत्त्वाचा: जे काम पुढे झाकलं जाणार आहे, त्याचं मोजमाप झाकण्याआधी घ्यायचं. हा नियम ज्याने केला त्याला बांधकाम कळत होतं. आता मोजमाप पुस्तिकाही संगणकावर गेली आहे, पण तिच्यातला हा जुना शहाणपणा सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत दिसत नाही.

झाकलं जाणारं काम म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाया घेताना चांगलं कळतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवला की चार पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर गेलीच म्हणून समजा. म्हणून काळी माती काढून टणक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायचं. पण खड्ड्यात मुरूम लागला म्हणजे नेमकं काय लागलं? मऊ मुरूम आणि टणक मुरूम फोटोत सारखेच पिवळट-तांबूस दिसतात. जाणता माणूस खड्ड्यात उतरतो, कोपऱ्यात पहार मारतो. पहार खणकन वाजली, हाताला झिणझिण्या आल्या, तर ठीक. भसकन आत गेली, तर आणखी खोदा. एका कोपऱ्यात खडक आणि दुसऱ्यात भुसभुशीत, असंही होतं, आणि ते सर्वांत वाईट. हे सगळं दहा मिनिटांचं काम. त्यानंतर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, पडते, फुटिंगची जाळी बसते, काँक्रीट होतं आणि खड्डा बुजवला जातो. पुढे पन्नास वर्षं ते कुणालाही दिसणार नाही. कॅमेऱ्याने खड्ड्याची खोली दाखवली, लांबी-रुंदी दाखवली, लोखंडाची जाळीही दाखवली. पहारेचा आवाज त्यात आला नाही.

स्लॅबच्या लोखंडाखाली कव्हर ब्लॉक ठेवतात, जेणेकरून सळई आणि खालच्या फळीमध्ये साधारण २० मिलिमीटर काँक्रीट शिरावं. सकाळी फोटो काढताना ब्लॉक जागेवर असतात. दुपारी काँक्रीट टाकणारे त्याच जाळीवरून घमेली घेऊन चालतात, ब्लॉक निसटतात, सळई फळीला टेकते. दहा वर्षांनी छताचे पोपडे पडून गंजकी सळई उघडी होते, तेव्हा सकाळचा फोटो कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये अगदी सुस्थितीत असतो.

या शहरात क्युरिंगची गोष्ट तर आणखी अवघड. भारतीय मानक ४५६ सांगतं की साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवा, आणि उन्हाळी, कोरड्या हवेत किमान दहा दिवस. आता एप्रिल-मे मधलं ऊन, वर वारा, आणि नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येणारं शहर. साइटचं पाणी टँकरचं किंवा बोअरचं. टँकर आला नाही की स्लॅबवर पसरलेलं बारदान दुपारपर्यंत वाळून कडक होतं. पाणी मारणारा पोऱ्या सकाळी पाणी मारतो, ओल्या स्लॅबचा फोटो ग्रुपवर जातो, खाली दोन अंगठे उमटतात. संध्याकाळी चार वाजता त्याच स्लॅबवर हात ठेवून बघायला कुणी नसतं. यात खोटं कुणीच बोललेलं नाही.

खोटं बोलायचंच ठरवलं तर काय होतं, त्याचा मोठा प्रयोग देशाने करून पाहिला आहे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची, १९७२च्या दुष्काळात इथल्याच खडी फोडणाऱ्या हातांवर उभी राहिलेली. तिचंच रूप असलेल्या मनरेगात जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवरून सक्तीची झाली. दिवसातून दोन वेळा कामाच्या जागेवर फोटो, त्याला जागेची नोंद जोडलेली. कागदावर बिनतोड व्यवस्था. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून गैरप्रकारांची यादी द्यावी लागली: कामाशी संबंध नसलेले फोटो, आधीच्या फोटोचाच पुन्हा काढलेला फोटो, फोटोतली माणसं आणि नोंदवलेली हजेरी यांचा मेळ नाही, दुपारचा फोटोच नाही. त्यावर उपाय म्हणून ठरलं काय, तर फोटो माणसांनी तपासायचे. म्हणजे कामावर जाऊन बघणारा माणूस कमी करायला फोटो आणले आणि फोटो बघायला पुन्हा माणसं लावली.

उलट घरकुलाच्या योजनेत पाया, जोतं, छत अशा टप्प्यांचे फोटो चढवल्यावर हप्ते थेट खात्यात येतात, आणि तिथे फोटो खरा असण्याची शक्यता बरीच जास्त. कारण लाभार्थी स्वतः त्या भिंतीशेजारी राहतो. त्याला त्याच घरात झोपायचं आहे. तंत्रज्ञान तेच. फरक आहे तो जागेवर असलेल्या माणसाचा त्या कामात जीव अडकला आहे की नाही, याचा.

तेव्हा कॅमेरा कुठे उपयोगी पडतो, हेही नीट सांगायला हवं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२१ पासून आपल्या कामांचं दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचं केलं. मागच्या महिन्याचं आणि या महिन्याचं चित्रण शेजारी ठेवलं की काम किती सरकलं, कुठे जमीन अडली, कुठे यंत्रं नुसती उभी आहेत, हे लपत नाही. मातीचा भराव थरावर थर दाबला का, हे मात्र ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी भरावात खड्डा करून घनता तपासावी लागते. प्रगती दुरून दिसते, गुणवत्ता दिसत नाही.

दूर असण्याचा एक फायदा क्वचितच कुणी बोलून दाखवतं, कारण तो बोलायला जरा अडचणीचा आहे. साइटवर रोज उभा असणारा इंजिनिअर आणि ठेकेदार यांचा चहा एकत्र होतो. पुढे ढाबा होतो, ठेकेदाराच्या घरचं लग्न होतं, आणि मग चाळीस ब्रास वाळू कधी पन्नास होते ते कळत नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला मुकादम ढाब्यावर नेऊ शकत नाही. त्याच्यासमोर नकाशातून काढलेलं परिमाण असतं, चलनं असतात, काट्यावरच्या वजनपावत्या असतात. जालन्याच्या कारखान्यातून निघालेली सळई किती टन आली आणि बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे किती लागायला हवी होती, हा ताळा तो थंड डोक्याने करतो. बिल अडवताना त्याला डोळ्यात बघावं लागत नाही. हा दुरावा मोलाचा आहे आणि लहान विकासकाला पहिल्यांदाच परवडतो आहे.

शिवाय इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली कितीतरी मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या वाटेला लागतात. सिव्हिल झालेल्या मुलींचं तर साइट सोडण्याचं कारण बहुतेकदा काँक्रीट नसतं. साइटवर स्वच्छतागृह नसणं, हे असतं. नियोजन, परिमाणं, बिलिंग, खरेदी ही कामं घरून करता येऊ लागली तर ही माणसं धंद्यात टिकतील. त्यांनी दुसऱ्या शहराच्या किंवा दुसऱ्या देशाच्या साइटचं काम इथे बसून करावं, यातही गैर काही नाही.

म्हणूनच वाटणी करायची तर अधिकारांची करावी. पैसे सोडायचा अधिकार दूर असलेला बरा, काम थांबवायचा अधिकार साइटवरच हवा. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. दूरचा मॅनेजर नेमला की विकासकाला पहिली कल्पना सुचते ती साइटवरचा अनुभवी इंजिनिअर कमी करण्याची. त्याच्या जागी यंदाच डिप्लोमा झालेला मुलगा येतो. त्याचं काम म्हणजे फोटो काढणं, ॲप भरणं, व्हिडिओ कॉलवर मोबाइल फिरवून दाखवणं. पंचवीस वर्षं सेंट्रिंग केलेल्या मिस्त्रीला “हा टेकू बदला” म्हणायची त्याची छाती होत नाही, आणि झाली तरी मिस्त्री म्हणतो, “साहेबांना विचारून सांगा.” साहेब तेव्हा दुसऱ्या साइटच्या कॉलवर असतात.

थांबवण्याचा निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. त्याचं काम सोळा टप्प्यांत विभागलेलं, आराखडे आणि आढावे मुंबईत, ७०१ किलोमीटरचा रस्ता दहा जिल्ह्यांतून जाणारा. एवढा पसारा केंद्रातून चालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि तो चालवला गेला. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग, ज्यात संभाजीनगर जिल्हाही येतो, डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्याच महामार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, शहापूर तालुक्यात, ३१ जुलै २०२३च्या रात्री गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस जण मेले. दोष कुणाचा हा तपासाचा विषय. पण मध्यरात्र, उंची आणि शेकडो टनांचं वजन एकत्र येतं, तेव्हा वेळापत्रकाचा दट्ट्या मुंबईहून येऊ शकतो. “आज नको, उतरा खाली” हे सांगणारा माणूस तिथेच असावा लागतो, आणि त्याचं ऐकलं जावं लागतं.

मोठ्या कामांत ही वाटणी निदान करारात तरी लिहिलेली असते. शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ नगरी सुमारे दहा हजार एकरांवर उभी राहते आहे. तिच्यासाठी राज्य आणि केंद्र यांच्या संस्थांनी मिळून वेगळी कंपनी काढली आणि कार्यक्रम व्यवस्थापक म्हणून सीएच२एम हिल ही अमेरिकी कंपनी आली, जी २०१७ मध्ये जेकब्समध्ये विलीन झाली. अशा कामांत तज्ज्ञ जगात कुठेही बसलेले असले, तरी जागेवर निवासी पथक ठेवावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळा धरलेला असतो. बीड बायपासवरचा विकासक या पद्धतीतला दूरचा भाग तेवढा उचलतो. निवासी भाग महाग पडतो म्हणून सोडून देतो.

आणि करार असूनही घोळ कसा होतो, हे पाहायला शहराबाहेर जावं लागत नाही. जायकवाडीच्या नाथसागरातून शहराला पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. किंमत १,६८० कोटी, पुढे सुधारित होऊन २,७४० कोटींवर गेली. अडीच मीटर व्यासाची, म्हणजे आत माणूस सहज उभा राहील अशी जलवाहिनी पैठण रस्त्याने यायची. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, योजना महापालिकेसाठी, ठेकेदार कंपनी हैदराबादची, पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्याचा, वर प्रकल्प सल्लागार वेगळे. एका जलवाहिनीला एवढे मालक. मुदती एकामागून एक सरकल्या. त्यात रस्त्याचं रुंदीकरण आणि जलवाहिनी एकाच पट्ट्यात आली आणि दोन यंत्रणांत वादावादी झाली. दोन्ही यंत्रणांचे नकाशे कुठल्या तरी कार्यालयात तयार होतेच, पण रस्त्याच्या कडेला एकत्र उभं राहून “पाइप इथून गेला तर तुमचा रस्ता कुठून जाणार?” हे विचारायला वेळेवर कुणी नव्हतं.

शेवटी जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, प्रगती अहवाल मागवले गेले, तारखा पडल्या. खरं तर या योजनेचा सर्वांत कडक प्रोजेक्ट मॅनेजर न्यायालयच ठरलं. त्याने एक गोष्ट साधली: प्रत्येक यंत्रणेला दुसरीकडे बोट दाखवताना शपथपत्रावर दाखवावं लागलं. पण न्यायालय तारीख देऊ शकतं, जाब विचारू शकतं. पाइपाचा सांधा कसा जोडला गेला हे न्यायमूर्तींनी बघावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. ती वेळ यावी, हीच दूरच्या व्यवस्थापनाची हद्द झाली.

घर घेणाऱ्या साध्या माणसाच्या बाजूनेही एक प्रश्न आहे. बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारं महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. प्रकल्पाच्या पानावर वास्तुविशारद, संरचना अभियंता, सनदी लेखापाल यांची नावं दिसतात. वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रं मिळाल्याखेरीज प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातले पैसे काढता येत नाहीत. ताबा दिल्यानंतर पाच वर्षं संरचनेतल्या दोषाची जबाबदारी विकासकावर. या यादीत दुरून काम चालवणाऱ्या मॅनेजरला वेगळी जागा नाही. वास्तुविशारदांसाठी निदान १९७२चा कायदा आहे, सिव्हिल इंजिनिअरसाठी तसा देशव्यापी कायदा अजून नाही. उद्या स्लॅबला तडा गेला तर ज्याच्या मंजुरीने सगळं चाललं त्याचा पत्ता ईमेलपुरताच उरतो.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर करारातली दोन-चार कलमं बदलणं विकासकाच्या हातात आहे. काँक्रीट ओतण्याआधी ‘पोर कार्ड’वर सह्या होतात: लोखंड तपासलं, टेकू तपासले, लाइटचे पाइप बसले. ती सही साइटवर उभ्या असलेल्या माणसाचीच असावी, दुरून दिलेला होकार तिथे चालू नये. आणि सही नाकारण्याची किंमत कोण भरणार, तेही लिहिलेलं असावं. रेडीमिक्सचा ट्रक प्लँटवर भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामा व्हायला हवा. टेकू हलतोय म्हणून साइटवरच्या त्या डिप्लोमावाल्या पोराने काम थांबवलं, तर खाली सहा घनमीटरचा ट्रक फिरत उभा आहे, त्यामागे दुसरा, पंपाचं भाडं चालू आहे, मजुरांची हजेरी लागलेली आहे. आज हा सगळा भुर्दंड त्याच्या डोक्यावर फोडला जातो, म्हणून तो गप्प बसतो आणि फोटो पाठवतो. परत गेलेल्या ट्रकचा खर्च विकासकाच्या खात्यात पडेल, साइट इंजिनिअरच्या पगारातून किंवा ठेकेदाराच्या बिलातून कापला जाणार नाही, एवढं एक कलम घातलं तरी सकाळी सात वाजता स्लॅबवरचं बोलणं बदलेल.